रानातील कृष्णफळ: फळ, बी आणि उगवण याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजारात पॅशन फ्रूट किंवा कृष्णफळ म्हणून मिळणारे जांभळे वा पिवळे फळ ही एकाच जातीची दोन रूपे आहेत. तिच्या रानटी भावंडांविषयी मराठीत फार थोडे लिहिलेले आढळते, आणि ज्यांनी कुणी त्यांचे बी पेरून पाहिले आहे ते बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात: बी उगवत नाही. पुढील उत्तरे मुख्यतः ब्राझीलच्या ईशान्य भागातील काटिंगा या कोरड्या झुडपी रानातील पॅसिफ्लोरा सिन्सिनाटा या वेलाला धरून दिली आहेत. जिथे इतर रानटी जातींचा संबंध येतो, तिथे त्यांचा उल्लेख नावानिशी केला आहे.

रानटी पॅशन फ्रूट म्हणजे नेमके कोणते फळ?

पॅसिफ्लोरा या प्रजातीत 500 हून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आहेत. बागायतीत मोठ्या प्रमाणावर आली ती मात्र मुख्यतः एकच, पॅसिफ्लोरा एड्युलिस. बाकीच्यांपैकी ज्यांची फळे लोक रानातून गोळा करून खातात, त्यांना रानटी पॅशन फ्रूट म्हणावे. ब्राझीलमध्ये या फळांना माराकुजा म्हणतात. हा शब्द तुपी या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ 'तुंब्यातले खाणे' असा सांगितला जातो. फळ मधोमध कापून, अर्धी करवंटी हातात धरून, चमच्याने गर काढून खाल्ला की हे नाव किती नेमके आहे ते पटते.

सिन्सिनाटा ही त्यातली काटिंगाची जात. काटिंगा म्हणजे 8 लाख चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश. पाऊस थोडा, तोही लहरी, आणि वर्षातील निम्म्याहून अधिक काळ कोरडा. तुपी भाषेत या नावाचा अर्थ 'पांढरे रान' असा आहे, कारण कोरड्या दिवसांत पाने झडून केवळ फिकट खोडे उरतात. या वेलाच्या फळाचे आणि बीचे जवळजवळ प्रत्येक वैशिष्ट्य या रानाच्या लहरी पावसाशी जोडून पाहिले तरच उलगडते.

अंगणातील कृष्णकमळाशी याचे काय नाते?

अगदी सख्खे नाते आहे. कृष्णकमळ हे पॅसिफ्लोराचेच फूल आहे. आपल्याकडे त्या फुलाकडे बोट दाखवून लहान मुलांना सांगतात की बाहेरचे तंतू म्हणजे शंभर कौरव, आतले पाच म्हणजे पांडव आणि वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. यातील पाच आणि तीन हे आकडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही बिनचूक आहेत: पाच परागकोश आणि तीन कुक्षी. कुक्षी तीन असण्याचा पुरावा फळातही मिळतो. पिकलेले फळ आडवे कापून गर अलगद बाजूला सारला, तर आतल्या भिंतीवर बिया तीन पट्ट्यांत चिकटलेल्या दिसतात. फुलात जे तीन देव मोजले, त्यांच्याच खुणा या तीन पट्ट्यांच्या रूपाने फळात राहिलेल्या असतात.

सिन्सिनाटाचे फळ पिकले हे कसे ओळखावे?

हा प्रश्न रास्त आहे, कारण हे फळ रंगावरून काहीच सांगत नाही. बाजारातील फळ जांभळे किंवा पिवळे होते. सिन्सिनाटाचे फळ पिकल्यावरही हिरवेच राहते, फार तर त्यावर फिकट पिवळसर झाक येते. साल किंचित मऊ पडणे, वास सुटणे आणि फळ देठापासून सहज सुटणे या तीन खुणांवर विसंबावे लागते. आतला गर पांढुरका ते फिकट पिवळा आणि चवीला चांगलाच आंबट असतो.

पॅसिफ्लोरा सेटेसिया या दुसऱ्या रानटी जातीत फळ पिकले की स्वतःहून गळून पडते आणि ते जमिनीवरून किंवा वेलाखाली बांधलेल्या जाळीवरून गोळा केले जाते. बियांसाठी फळ हवे असेल तर हीच पद्धत उत्तम. हिरवट, कोवळे फळ तोडून त्यातले बी पेरणे हे उगवण न होण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. फूल फुलल्यापासून फळ पक्व होण्यास लागवडीच्या जातीत साधारण दोन ते अडीच महिने लागतात. रानटी जातींतही घाई करू नये.

एकाच वेलावर काही फळे भरलेली आणि काही पोकळ का असतात?

याचे उत्तर परागीभवनात आहे, आणि रानटी पॅशन फ्रूट समजून घ्यायचे असेल तर याच मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ थांबावे असे मला वाटते.

आपण जो गर खातो तो आंब्यासारखा फळाच्या भिंतीचा गर नसतो. प्रत्येक बीभोवती तिची स्वतःची रसाळ पिशवी असते, आणि फळाचा रस म्हणजे या शेकडो पिशव्यांतील रस. जिथे बी धरली नाही तिथे पिशवीही भरत नाही. म्हणून फळात रस किती हे फळाच्या आकारापेक्षा बियांच्या संख्येवर ठरते, आणि बियांची संख्या तीन कुक्षींवर किती पराग पोचले यावर ठरते. लागवडीच्या पिवळ्या फळात अडीचशेपर्यंत बिया असू शकतात. तेवढ्या बियांना निदान तेवढेच परागकण हवेत, आणि तेही एकाच दिवसात, कारण फूल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

हे काम मधमाशीच्याने होत नाही. कृष्णकमळाच्या फुलाजवळ सकाळी थोडा वेळ उभे राहिले तर कारण डोळ्यांना दिसते. मधमाशी तंतूंवर उतरते आणि परागकोशांखालून सहज निघून जाते. तिची पाठ वर टेकतच नाही. मोठा काळा भुंगा आला की मात्र त्याची पाठ परागकोशांना घासते आणि पिवळीधमक होते. फूल उमलताना तीनही कुक्षी ताठ वर असतात, नंतर त्या हळूहळू वाकून परागकोशांच्या पातळीला येतात, आणि मग पुढच्या फुलावर गेलेल्या भुंग्याच्या त्याच पिवळ्या पाठीला त्यांचा स्पर्श होतो. काही फुलांत कुक्षी वाकतच नाहीत; अशा फुलांना फळ धरणे जवळजवळ अशक्य असते. काटिंगातही हेच काम करणारे भुंगे आपल्याकडील भुंग्यांच्याच प्रजातीतले आहेत. ते वाळलेल्या लाकडात भोके पाडून घर करतात, म्हणून बांधावरचे जुने ओंडके साफ केले की भुंगे जातात आणि पाठोपाठ फळेही पोकळ होऊ लागतात.

सेटेसियाची गोष्ट निराळी आहे. तिची पांढरी फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन वटवाघळे करतात.

फुलोऱ्याच्या दिवशी पाऊस आला तर नुकसान वेगळ्या प्रकारे होते: पॅसिफ्लोराचा परागकण पाण्याने ओला झाला की फुटतो.

मी एकच वेल लावला आहे. त्याला फळे येतील का?

सिन्सिनाटाचा एकटा वेल असेल तर फळांची अपेक्षा ठेवू नये. तो स्वतःचा पराग स्वीकारत नाही. त्याच वेलाच्या फांद्यांपासून केलेली दहा रोपे लावली तरी उपयोग नाही, कारण ती सगळी मुळात एकच वेल असतात. बीपासून वाढवलेली निदान तीन-चार रोपे जवळजवळ असावीत. भुंगे कमी असतील तर एका वेलाच्या फुलातील पराग बोटाने किंवा मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलाच्या तीनही कुक्षींना लावावा. एकाच कुक्षीला लावून थांबलो, तर बिया कमी धरण्याची शक्यता असते.

बी दिसायला कसे असते?

चपटे, एका टोकाला निमुळते, काळपट तपकिरी. भिंगातून पाहिले तर त्यावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे खळगे रांगेने दिसतात. प्रत्येक जातीत या खळग्यांची ठेवण वेगळी असते आणि जाणकार केवळ बी पाहून जात ओळखू शकतात. कवच कठीण असते. दाताखाली कुरकुरते ते हेच. आत तेलकट, पांढरा भ्रूणपोष आणि त्याच्या मधोमध दोन पातळ, पानासारख्या चपट्या दलांचा सरळ भ्रूण असतो. उगवताना हीच दोन दले मातीबाहेर येऊन हिरवी होतात.

पेरण्यापूर्वी बीवरील गर काढणे आवश्यक आहे का?

होय, आणि काटेकोरपणे काढावा. ही रसाळ पिशवी पक्षी-प्राण्यांना दिलेले आमिष असते. खाणाऱ्याच्या पोटातून जाताना ती निघून जाते. आपण बी थेट मातीत टाकतो तेव्हा ती तशीच राहते. तिच्यात उगवण रोखणारे घटक असतात, शिवाय तिच्यावर बुरशी लवकर धरते.

आमच्या घरी टोमॅटो-काकडीचे बी धरताना आजी जे करत असे, तेच येथेही लागू पडते. गर एक-दोन दिवस भांड्यात थोड्या पाण्यासह ठेवून किंचित आंबू द्यावा, मग बारीक चाळणीत घेऊन चुलीची राख किंवा कोरडी रेती घालून बोटांनी चोळावा आणि वाहत्या पाण्याखाली धुवावा. बी बोटात धरल्यावर निसटेनासे होऊन खरखरीत लागू लागले की ते स्वच्छ झाले असे समजावे. नंतर ते वर्तमानपत्रावर पसरून सावलीत सुकवावे. उन्हात सुकवू नये.

स्वच्छ बीसुद्धा उगवायला आठवडेच्या आठवडे का घेते?

लागवडीच्या जातीचे ताजे बी दोन-तीन आठवड्यांत उगवते. सिन्सिनाटा, सेटेसिया यांसारख्या जातींचे बी मात्र एकाच फळातून एकाच दिवशी काढून पेरले तरी काही तीन आठवड्यांत, काही दोन महिन्यांत, तर काही त्याहून उशिरा वर येते. रोपवाटिकावाल्याला ही डोकेदुखी वाटते. वेलाच्या दृष्टीने मात्र यात मोठे शहाणपण आहे.

काटिंगात पहिला पाऊस पडतो आणि मग कित्येकदा महिनाभर आभाळ कोरडे राहते. पहिल्या सरीला सगळे बी उगवले असते तर त्या एका खंडात सगळीच रोपे करपून गेली असती. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्याने मृगाच्या पहिल्या पावसावर पेरणी केली आणि दुबार पेरणीची वेळ अनुभवली, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दुबार पेरणीचे बियाणे हा वेल जमिनीत आधीच राखून ठेवतो. बी थांबते ते आतल्या सुप्तावस्थेमुळे: भ्रूण जिवंत असतो, त्याला पाणीही मिळते, परंतु उगवण रोखणारी आणि उगवणीस चालना देणारी अशी जी संप्रेरके बीमध्ये असतात, त्यांच्यातील तोल उगवणीकडे झुकलेला नसतो. तो झुकायला प्रत्येक बीला वेगवेगळा काळ लागतो.

म्हणून 'उगवण टक्केवारी कमी' एवढ्यावरून बियाणे वाईट ठरवणे चुकीचे आहे. किती उगवले यासोबत किती दिवसांत उगवले याची नोंद असल्याशिवाय रानटी जातींबद्दलचा कोणताही आकडा मी पूर्ण मानत नाही.

कवच कठीण आहे, तर ते घासून किंवा गरम पाण्यात घालून फायदा होईल का?

आधी कवचातून पाणी आत जाते की नाही ते पाहावे. सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा असेल तर ही तपासणी घरीच होते. 50 कोरड्या बिया तोलाव्यात, एक दिवस पाण्यात ठेवून वरचे पाणी टिपावे आणि पुन्हा तोलाव्यात. वजन स्पष्टपणे वाढले असेल तर पाणी आत गेले आहे, म्हणजेच अडथळा कवचाचा नाही. पॅसिफ्लोराच्या अनेक रानटी जातींत असेच आढळते. अशा वेळी पॉलिश पेपरने घासणे, उकळते पाणी ओतणे किंवा तीव्र आम्लात बुडवणे या उपायांनी आतल्या नाजूक भ्रूणाला इजा होऊन हाती काहीच येत नाही. बाभळीच्या किंवा गुलमोहराच्या बीला लागू पडणारा उपाय येथे डोळे मिटून लावू नये.

वजन वाढलेच नाही, तर निमुळत्या टोकाच्या विरुद्ध बाजूला हलकेच एकदा घासून पुन्हा तपासावे.

पाण्यावर तरंगणारे बी पोकळ असते असे सरसकट सांगितले जाते. ताज्या बीबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. सुकलेल्या बीमध्ये हवा शिरलेली असू शकते, तेव्हा तरंगणारे बी फेकण्याआधी दोन-चार कापून आत पांढरा गाभा भरलेला आहे का ते पाहावे.

जिब्रेलिक ॲसिडचा उपयोग होतो का?

होतो, आणि रानटी पॅशन फ्रूटच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा उपाय हाच ठरला आहे. नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागायतदारांच्या तोंडी 'जीए' हा शब्द रोजचा आहे. थॉम्पसनच्या मण्यांची लांबी वाढवण्यासाठी ते जे वापरतात, तेच हे संप्रेरक. मण्यात ते पेशी लांबवते, बीमध्ये ते उगवणीच्या बाजूने तोल झुकवते. ब्राझीलमधील प्रयोगांत जिब्रेलिनच्या जोडीला सायटोकायनिन गटातील संप्रेरक असलेले मिश्रणही वापरले जाते आणि सिन्सिनाटासारख्या हट्टी बीवर त्याचा परिणाम ठळक दिसतो.

बीसाठी लागणारे प्रमाण मण्यांच्या फवारणीपेक्षा बरेच जास्त, म्हणजे लिटरला काहीशे मिलिग्रॅम असते. पावडर पाण्यात थेट नीट विरघळत नाही. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावी, हे बागायतदारांना माहीत असतेच. बी त्यात साधारण एक दिवस भिजवून लगेच पेरावे. निम्म्या बिया नुसत्या पाण्यात भिजवून शेजारच्या ट्रेमध्ये पेराव्यात, असा माझा आग्रह आहे. तुलनेला काहीच नसेल तर औषधाने उगवले की आपोआप उगवले, हे सांगता येत नाही.

माध्यम, खोली आणि तापमान कसे असावे?

कोकोपीट आणि धुतलेली रेती समप्रमाणात घ्यावी. कच्चे शेणखत घालू नये. बी एक सेंटिमीटर खोल पेरावे. दिवसा 30 आणि रात्री 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असा चढउतार या बियांना मानवतो. सतत एकाच उबेत ठेवण्यापेक्षा तो चांगला. आपल्या हवामानात पावसाळ्याची सुरुवात किंवा थंडी सरल्यानंतरचा काळ त्याला जवळचा आहे. पठारावरील डिसेंबरच्या रात्रींत पेरलेले बी नुसते पडून राहते. ट्रे ओलसर असावा, चिंब नसावा, कारण इतके दिवस पाण्यात राहिलेले बी कुजते आणि उगवलेली रोपे बुंध्याशी मऊ पडून कोलमडतात.

बी किती काळ साठवता येते?

सावलीत नीट सुकवलेले बी हवाबंद बाटलीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि शक्यतो वर्षाच्या आत पेरावे. बाटलीवर जात, किती वेलांवरून बी घेतले आणि फळ गळलेले होते की तोडलेले, या तीन गोष्टी लिहाव्यात. परपरागीभवनामुळे प्रत्येक रोप वेगळे निघते, म्हणून एकाच उत्तम वेलाऐवजी अनेक वेलांवरचे थोडेथोडे बी धरणे चांगले.

कोकणात कुंपणावर वाढणारी वेलघाणी हेही रानटी पॅशन फ्रूटच का?

होय. वेलघाणी म्हणजे पॅसिफ्लोरा फोएटिडा. ती मूळची अमेरिकेची, आता कोकण-गोव्यासह भारतभर रस्त्याकडेला आणि कुंपणांवर पसरलेली आहे. तिचे फळ हातात घेऊन पाहण्यासारखे असते: बोराएवढ्या फळाभोवती हिरव्या पिसांसारख्या छदांची जाळी, त्या जाळीच्या प्रत्येक टोकाला चिकट थेंब, आणि त्यावर अडकून मेलेल्या चिलटांचे ठिपके. पान चुरगळले की उग्र वास येतो; नावातील 'घाणी' त्यावरूनच पडली असावी. फळ पिकल्यावर पिवळे-केशरी होते आणि आतला थोडासा गर गोडसर लागतो. कच्चे फळ मुलांना खाऊ देऊ नये, कारण पॅसिफ्लोराच्या अनेक जातींच्या पानांत व कच्च्या फळांत सायनाइड निर्माण करणारे घटक असतात.

ही जात स्वतःच्या परागावरही फळ धरू शकते आणि पक्षी तिचे बी दूरवर नेतात, त्यामुळे एकटा वेलही पसरू शकतो. सिन्सिनाटाला जे जमत नाही ते हिला जमते, आणि एक रानातच राहिली तर दुसरी जगभर तण झाली, यामागे हा फरक मोठा आहे. नवी रानटी जात आणताना हा इतिहास लक्षात ठेवावा. हवाई बेटांवर केळ्याच्या आकाराच्या फळाची पॅशन फ्रूटची एक जात बागेतून निसटली आणि रानडुकरांनी व पक्ष्यांनी तिचे बी जंगलभर पसरवले.

रानटी जातींवर एवढे श्रम कशासाठी?

आपल्या द्राक्षबागा ज्या कारणासाठी डॉगरिजच्या रानटी खुंटावर उभ्या आहेत, तेच कारण येथेही आहे. लागवडीच्या पॅशन फ्रूटला मर रोग आणि फळे कठीण करणारा विषाणूजन्य रोग जेरीस आणतात. रानटी जातींपैकी काही मर रोगाला, काही दुष्काळाला तोंड देतात, म्हणून त्या खुंटासाठी आणि संकरासाठी तपासल्या जातात. परंतु ज्या बीपासून रोपे एकसारखी आणि वेळेवर मिळत नाहीत, त्यापासून खुंट तयार करणे अवघड जाते. उगवणीचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

शिवाय ही फळे स्वतःच्या गुणांवरही उभी राहिली आहेत. एम्ब्रापा या ब्राझीलच्या कृषी संशोधन संस्थेने 2013 मध्ये सेटेसियाचा 'पेरोला दो सेहादो' आणि 2016 मध्ये सिन्सिनाटाचा 'सेर्ताँव फोर्ते' हे वाण दिले. बाहिया राज्यात उआउआ परिसरातील शेतकरी कुटुंबांची सहकारी संस्था काटिंगातील या फळाचा जॅम करून विकते. आपल्याकडे करवंद आणि कोकम यांनी जे केले, तेच तिकडे या आंबट हिरव्या फळाने केले आहे.

या जातींचे बी परदेशातून टपालाने मागवता येईल का?

परवानगीशिवाय मागवू नये. भारतात बियाणे आणण्यासाठी 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ब्राझीलनेही आपल्या जैविक संपत्तीसाठी 2015 मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. बीवाटे विषाणू, बुरशी आणि तण हे तिन्ही येऊ शकतात. उगवणीचा अभ्यासच करायचा असेल तर कुंपणावरील वेलघाणीपासून सुरुवात करावी.

दीड महिना झाला, एकही रोप नाही. ट्रे रिकामा करावा का?

करू नये. तीन-चार बिया उकरून काढाव्यात आणि नखांनी दाबून पाहाव्यात. बी दबले, आतून करडे पाणी आले आणि वास सुटला तर ते कुजले आहे. घट्ट लागले तर ब्लेडने उभे कापावे; आत पांढरा, ओलसर, भरीव गाभा दिसला तर उरलेले बी जिवंत असण्याची चांगली शक्यता आहे. असा ट्रे सावलीत ठेवून दोन-तीन दिवसांनी पाणी शिंपडत राहावे आणि त्यावर पेरणीची तारीख लिहिलेली पट्टी खोचून ठेवावी. मी एकदा चाळीस दिवसांनी कंटाळून वेलघाणीच्या ट्रेमधील माती कढीपत्त्याच्या आळ्यात ओतली होती. पुढच्या पंधरा दिवसांत त्या आळ्यात सात रोपे उभी राहिली, दोन गोल दलांवर अजून बीचे खळगेदार कवच टोपीसारखे अडकलेली.